गिरणीवाल्या मगदुमांचं मत

लोकसभेचा निकाल लागला आणि हरलेली मतं रीतीप्रमाणं आपापल्या घरी परत आली. माझं तेवढं आलं नाही.

हरलो याचं मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. देशभर शिडीवाले आले आणि आमच्या किटलीचा पार धुव्वा उडाला. ते मी दुपारी टीव्हीवर बघितलं, टीव्ही बंद केला आणि गिरणी चालू केली. लोकांना दळण लागतंच, सरकार कुणाचंही येवो. निवडणूक म्हटली की कुणीतरी हरणार. मागच्या खेपेला ते हरले, या खेपेला आम्ही हरलो, पुढच्या खेपेला परत ते हरणार, यात मला तिळमात्र शंका नाही. तोंड पाडून बसायला कुणी मेलेलं नाही.

मी भूपाल मगदूम. सांगलीत गावभागात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज मोठा झालाय. मी कुणाला मत देतो हे आमच्या गल्लीत ज्याला ठाऊक नाही, तो एकतर बहिरा असेल नाहीतर दळण दुसरीकडं नेत असेल. मी किटलीवाला. वडील किटलीवाले होते म्हणून नव्हे, तर मला पटतं म्हणून.

तर निकालाच्या दिवशी ऊन कलल्यावर मतं यायला लागली. कलेक्टर कचेरीच्या बाजूनं आली, रस्त्याच्या डाव्या कडेनं, रांगेत. हरलेल्या मतांना शिस्त असते, हे मी नेहमीच बघत आलोय. ज्यांनी मत नीट बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मत साधारण गुडघ्याएवढं असतं, रंगानं राखाडी, अंगावर शाईची एक रेघ. चेहरा असा काही नसतो, पण ते कुठं बघतंय हे कळतं. बोलत नाही. खातं थोडंच. ज्यानं दिलं त्याच्या बर्‍याच खोडी त्याच्यात उतरलेल्या असतात. जिंकलेली मतं मात्र निकालाच्या रात्रीच दिल्लीला रवाना होतात आणि परत येत नाहीत. हरलेली पाच वर्षं घरी राहतात आणि पुढची आचारसंहिता लागली की आपली आपण उठून जातात.

आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे पद्माचं मत पहिल्या तुकडीतच आलं. पायरी चढून सरळ स्वयंपाकघरात गेलं आणि फडताळाचं दार नीट लागलंय का ते ढकलून बघितलं. पद्मा दिवसातून दहा वेळा तेच करते. ओळखायला दुसरी खूण नको.

"आलं बाई माझं!" ती म्हणाली. "बस हं, दिवस मावळायच्या आत तुला वाढते."

आम्ही जैन. सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि आमच्या घरची मतंही जेवत नाहीत. तिनं त्याला आमटीत भाकरी कुस्करून दिली. मी दारात खुर्ची टाकून बसलो. समोरच्या कुंभारांची चार आली. शेजारच्या विधवा बाईचं एक आलं, दमलेलं होतं बिचारं, तिनं त्याला उचलूनच घेतलं. रस्ता रिकामा झाला. दिवे लागले. मी तसाच बसून.

"अहो," पद्मा आतून म्हणाली, "माझं जेवून झोपलंसुद्धा. तुमचं कुठं फिरतंय?"

"येईल," मी म्हणालो. "वाटेत कुणाशी तरी वाद घालत बसलं असेल."

दुसर्‍या दिवशीही ते आलं नाही आणि तिथून माझी दशा सुरू झाली.

आधी आले शिवलिंग तोडकर. हे आमच्या वॉर्डात किटलीचे अध्यक्ष. पानपट्टी चालवतात आणि स्वभावानं संशयी. काखेत स्वतःचं मत घेऊन आले होते. गिरणीत आले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पट्ट्याच्या मागं वाकून बघितलं.

"मगदूम, तुमचं मत दिसत नाही."

"अजून आलं नाही."

"सगळ्यांची आली."

"माझं आलं नाही, तोडकर. आता काय ढोल वाजवून सांगू?"

"नाही, मी फक्त विचारलं," ते म्हणाले आणि आदल्या दिवशी ठेवून गेलेला दळणाचा डबा परत घेऊन गेले. दळलेला नव्हता.

घरी न आलेलं मत म्हणजे जिंकलेलं मत, हे शेंबडं पोरही सांगेल. वीस वर्षं मी गल्लीत किटली किटली म्हणून ओरडलो आणि आत जाऊन शिडीचं बटण दाबलं, असाच त्याचा अर्थ. किटलीवाल्यांनी बोलणं टाकलं. ते एक वेळ परवडलं असतं. पण संध्याकाळी शिडीवाले आले, हलगी वाजवत, पेढे घेऊन. माझ्या पिठानं पांढर्‍या झालेल्या कपाळाला त्यांनी गुलाल फासला.

"मानलं तुम्हाला, मगदूम!" त्यांचा पुढारी म्हणाला. "बाहेर एक आन आत एक! आम्हाला पत्ता लागू दिला नाही!"

"अरे, मी तुम्हाला मत दिलेलं नाही!" मी ओरडलो. गिरणी बंद होती, त्यामुळं ते चौकापर्यंत ऐकू गेलं.

"आता लपवायचं काय कारण? जिंकलोय की आपण!"

आपण म्हणाला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अशी गलिच्छ गोष्ट मला आजपर्यंत कुणी तोंडावर बोललं नव्हतं. पेढे मी गाईला घातले.

सकाळी गिरणी बंद ठेवून निवडणूक कचेरीत गेलो. तिथं परतीच्या मतांची खिडकी वेगळी असते. खिडकीत एक शांत गृहस्थ बसले होते.

"माझं मत परत आलं नाही," मी म्हणालो.

"अभिनंदन," ते म्हणाले.

"अभिनंदन कसलं करताय? मी किटलीला मत दिलंय!"

"ते आम्हाला कळायचं कारण नाही. मतदान गुप्त असतं. परत न आलेलं मत जिंकलेलं समजण्यात येतं."

"आणि वाटेत हरवलं असेल तर?"

"मत हरवत नाही," गृहस्थ जरा दुखावल्यासारखे झाले. "ते यादीतल्या पत्त्यावर जातं. त्या घराचा जो मालक असेल त्यानं ते ओळखायचं आणि ठेवून घ्यायचं. त्यानं ओळख दिली की त्याची मोजणी हरलेल्यांत पक्की होते."

"आणि नाही दिली तर?"

"तर बेवारस. नव्या सरकारचा शपथविधी झाला की बेवारस मतं जिंकलेल्या बाजूला वर्ग होतात."

"म्हणजे शिडीला?"

"या खेपेला शिडीला."

मी खिडकीची कड घट्ट धरली. माझं मत, माझ्या हातानं दिलेलं, शिडीच्या ढिगात!

"तुमचा यादीतला पत्ता कुठला आहे?" त्यांनी विचारलं.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं नाव सांगलीच्या यादीत नाहीच. ते आमच्या गावी, तासगावच्या पलीकडं बोरशिंगीला आहे, आणि मत द्यायला मी दर वेळी तिथंच जातो. सांगलीत आल्यापासून किटली हरलीच नव्हती, त्यामुळं मत परत कुठं येतं हा प्रश्न कधी पडला नव्हता. सांगलीत येऊन इतकी वर्षं झाली, रेशनकार्ड हललं, गॅस हलला, पद्माचं नावसुद्धा हललं, पण मतदार यादीतलं माझं नाव मी हलवलं नाही. आमच्याकडं हिस्सेदार कुणीच हलवत नाही. यादीतलं नाव काढलं की विहिरीतला हिस्सा जातो, असं वडील सांगायचे आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. कायद्यात असं काही नाही म्हणतात. असेना का. विहीर कायद्याच्या नव्हे, आमच्या गावात आहे.

"मत दिलं गावी," गृहस्थ सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही वाट बघताय सांगलीत?"

"माणूस राहतो तिथं त्याच्या लग्नपत्रिका येतात," मी म्हणालो. "मला वाटलं, मतही येईल."

"पत्रिका खासगी असते," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आता खरी अडचण सांगतो. यादीत माझ्या नावापुढं जे घर आहे, त्यात माझा थोरला भाऊ राहतो. आदगोंडा मगदूम, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे, सगळं झकास आहे. अण्णा शिडीवाला. साधासुधा नव्हे, कट्टर. आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.

मागच्या निवडणुकीत आमची किटली जिंकली होती. माझं मत दिल्लीला गेलं, अण्णाचं हरून घरी आलं. सणाला मी गावी गेलो, पंगतीला बसलो, अण्णाचं मत त्याच्या मांडीला टेकून बसलेलं. मी जरा खुशीत होतो. सरकार आमचं होतं, खुशीत नको राहू? दोन शब्द बोललो असेन. तर अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "माझं मत हितं बसलंय. तुझं दिल्लीत कोण वळखतंय तरी का रं?" सगळ्या भावकीदेखत! मी भरल्या ताटावरून उठलो. त्यानं थांब म्हटलं नाही, मी मागं वळलो नाही. त्यानंतर मतदानाला गावी गेलो की शाळेत जाऊन बटण दाबायचं आणि त्याच एसटीनं परत यायचं, असा माझा रिवाज. घराकडं मान वळवायची नाही.

म्हणजे माझं मत आता कट्टर शिडीवाल्याच्या घरात होतं. त्यानं नुसतं "मी ओळखत नाही" म्हणायचा अवकाश, त्याच्या शिडीला एक मत फुकट मिळणार होतं, आणि मी गल्लीत जन्मभर दगाबाज.

"जाऊन या की," पद्मा म्हणाली. "भाऊच आहे, वाघ नाही."

"त्यानं बोलवल्याशिवाय मी जाणार नाही."

"तुमच्या मताला कुणी बोलवलं होतं? ते गेलंच ना?" तिचं मत तिच्याशेजारी बसून शेंगा निवडत होतं, त्यानंही माझ्याकडं बघितलं. "दोघंही मगदूम. ताठ्यात कोण जास्त, त्याची मोजणी कधी करायची असली तर मला बोलवा."

टीव्हीवर सांगितलं, शपथविधी रविवारी. मी शनिवारी सकाळी धुतलेला शर्ट घातला. तोडकर म्हणाले, मी बरोबर येतो. माझ्यावर विश्वास नाही का, म्हटलं. "विश्वास आहे," ते म्हणाले, "पण डोळ्यानं बघितलेलं बरं असतं." आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून गेलो, ते पुढं, मी मागं, मध्ये तोडकरांचं मत. त्याला घरी एकटं ठेवलं की ते शेजार्‍यांवर पाळत ठेवतं म्हणे.

बेदाण्याचा हंगाम संपला होता. शेडातल्या वाळवणाच्या एकावर एक जाळ्या रिकाम्या, कोपर्‍यात चार पेट्या तेवढ्या उरलेल्या. अण्णा बाजेवर बसून जाळीचा फाटका कोपरा शिवत होता. केस पार पांढरे झाले होते, मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला कोल्हापूरला गेलेल्या, घरात तो एकटाच. आणि सगळ्यात खालच्या जाळीवर, पाय पसरून, एक मत बसलं होतं.

अण्णानं माझ्याकडं बघितलं नाही. तोडकरांकडं बघितलं.

"या पाव्हणं. पाव्हण्यास्नी म्हणावं, पानी घ्या."

पाहुणे म्हणजे तोडकर, आणि तोडकरांनी ज्यांना म्हणायचं ते पाहुणे म्हणजे मी.

"मगदूम, पाणी घ्या म्हणतात," तोडकर म्हणाले.

"त्यांना म्हणावं, मी पाणी पिऊन आलोय."

"पाणी पिऊन आलेत."

"आयकलं. वाळवंटातनं आल्यागत घसा सुकलाय, ते बी आयकलं."

मी पाणी प्यालो. काय करणार, खरंच घसा सुकला होता.

तेवढ्यात गावचे ग्रामसेवक आले, हेरवाडे भाऊसाहेब. मला बघून त्यांनी हुश्श केलं.

"आलात एकदाचे! सगळ्या बोरशिंगीत एवढं एकच मत ओळखायचं राहिलंय. मी रोज येतोय, रोज तुमचे बंधू म्हणतात, आज न्हाई, उद्या. उद्या शपथविधी आहे हो! माझ्या गावात बेवारस मत निघालं तर मला वर उत्तर द्यावं लागतं."

"का पण?" मी तोडकरांना विचारलं. "त्यांना विचारा, ओळख का दिली नाही?"

तोडकरांनी तोंड उघडायच्या आत अण्णाच भाऊसाहेबांना म्हणाला, "मालक आल्याबगार मी वळख देणार न्हाई. मत दारात टाकायचं आन मालकानं सांगलीत बसायचं, हे काय खरं न्हाई."

"आणि मालक आलाच नसता तर?" मी थेटच विचारलं. तोडकरांना मध्ये घालायचं भान राहिलं नाही.

अण्णानं सुई थांबवली. "न्हाई आला तर शिडीला एक मत वाढतंय. माझं काय जातंय?"

असं म्हणाला, पण सुई काही पुढं चालेना.

भाऊसाहेबांनी खुर्ची ओढून घेतली, घसा खाकरला आणि आवाज सरकारी केला. "मतदार भूपाल मगदूम, हे मत तुमचं आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"आहे."

"खूण सांगा."

मी मताकडं बघितलं. मत माझ्याकडं बघत होतं. गुडघ्याएवढं, राखाडी, शाईची रेघ. तसली सगळीच असतात. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, खूण काय सांगणार कपाळ?

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

तोडकरांनी आपल्या मताला जवळ ओढलं.

"हे नेहमीचंच आहे," भाऊसाहेब म्हणाले. "मतदाराला स्वतःचं मत ओळखता येत नाही, म्हणून तर घरमालक लागतो. घरमालक आदगोंडा मगदूम, तुम्ही सांगा. तुम्ही या मताला ओळखता का?"

एक शब्द बोलायचा होता अण्णाला. तो बोलला असता तर मी त्याला दोष देऊ शकलो नसतो. त्याची बाजू, त्याची शिडी. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते सांगत नाही.

"निकालादिवशी दिवस मावळायच्या टायमाला आलं," अण्णा म्हणाला. "म्या दार उगडलं तर आत येईना. उंबर्‍यात उबं. 'ये' म्हनल्याबगार आत येनार न्हाई, आसलं त्वांड. तवाच म्या वळखलं. तरी म्हनलं, बगू. जेवाय वाडलं तर आदी चटणी कडंला सारली आन मागनं तीच खाल्ली. टीव्ही लावला आन शिडीचा मानूस बोलाय लागला की ह्ये उटून पाठ करून बसतंय. काल म्या जरा रागं भरलो. तर विहिरीवर जाऊन बसलं, आन कोन बोलवाय येतंय का ते दर घटकंला मान वळवून बगतंय. ल्हानपनापासनं ह्येच करत आलाय त्यो."

"मी कधीच मान वळवून बघितलं नाही!" मी म्हणालो.

"मतदारानं मध्ये बोलू नये," भाऊसाहेब म्हणाले.

"बगत हुतास," अण्णा म्हणाला. आता तो माझ्याशी बोलत होता. "म्या शेवग्याच्या आडनं बगायचो आन तुला जरा येळ बसू द्यायचो. मग यायचो. येत हुतो का न्हाई?"

येत होता. दर वेळी येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाला रडूही मोठं येतं, शेडावरची कबुतरं उडाली.

"नोंदीसाठी एका वाक्यात सांगा," भाऊसाहेब म्हणाले.

"माझ्या भावाचं मत हाय," अण्णा म्हणाला. "आमच्या इरुद्ध दिल्यालं हाय. आमच्याच घरात र्‍हाईल."

"विरोधी मत घरात ठेवायला तुमची काही हरकत?"

"भाऊसाहेब, सख्खा भाऊ म्या बिनहरकत ठिवून घेतला, त्येच्या मताचं काय घिऊन बसलाय?"

तोडकरांनी माझा हात धरून गदागदा हलवला. "मगदूम, माफ करा. उद्या डबा पाठवतो. जोंधळे आणि गहू, दोन्ही." त्यांनी तिथल्या तिथं फोन काढला आणि वॉर्डातल्या एकेका किटलीवाल्याला कळवायला सुरुवात केली, आमचे मगदूम खरे हरलेले आहेत म्हणून. तोवर त्यांच्या मतानं पेट्यांच्या मागं वाकून बघायला सुरुवात केली होती.

भाऊसाहेब निघता निघता म्हणाले, "आणखी एक सोय आहे. नाव सांगलीला हलवलंत तर मत आजच्या आज बरोबर नेता येईल. ठरवा."

"नको," मी म्हणालो.

"नगं," अण्णा म्हणाला. दोघांचं एकदमच निघालं.

तोडकर त्यांच्या नातलगांना भेटायला म्हणून गावात गेले. मी बाजेवर अण्णाशेजारी बसलो. मत खाली उतरलं, थोडा वेळ कुणाकडं जावं याचा विचार केला आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं. त्याचं अंग कोमट लागत होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते थोडं सरकलं, पण उठलं नाही.

"आतनं बेदानं आनू?" अण्णानं विचारलं.

"आण."

त्यानं आणले. आम्ही खात बसलो. मतानं दोन खाल्ले.

"भूपाल," बर्‍याच वेळानं अण्णा म्हणाला, "मागच्या टायमाला तू जिंकला हुतास. तुझं मत दिल्लीला ग्येलं. म्होरं त्येचं काय कळलं का रं?"

"नाही."

"कायच न्हाई?"

"पहिल्या पहिल्यांदा मी बातम्या बघायचो. दिल्लीत कुठं गर्दी दाखवली की त्यात दिसतंय का म्हणून टीव्हीजवळ जाऊन बसायचो. पद्मा म्हणायची, डोळे जातील. मग सोडून दिलं."

अण्णानं मतापुढं आणखी एक बेदाणा ठेवला.

"म्या पंगतीत तसं बोलाय नगं हुतं," तो म्हणाला. "आता माझंच तितं ग्येलंय. जिंकलो त्या राती गावात गुलाल उदळला, म्या बी नाचलो. घरी आलो तर घर कसं सुनं सुनं. मागलं पाच वरसं पायात घोटाळायचं रं. आचारसंहिता लागली तवा शिवंपतुर सोडाय ग्येलतो त्येला. त्येला कोन वाडत आसंल तितं दिल्लीत? थंडी बी लई आसती म्हनं."

इथं मला माझा मूळ स्वभाव परत सापडला. रडारड मला जमत नाही. मी मांडी ठोकली आणि गिरणी चालू असल्यासारख्या आवाजात म्हणालो, "अण्णा, अजिबात काळजी करू नकोस! पुढच्या खेपेला आम्ही जिंकणार म्हणजे जिंकणार. मी सांगतो ना! शिडीचा पालापाचोळा होतोय बघ. तू जे मत देशील, ते निकालाच्या दिवशी दिवस मावळायच्या आत तुझ्या दारात."

"लई शानपना करू नगंस," अण्णा म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला. मग तो मताकडं वळला. "आन तुझं? तवा तुझं जाईल की."

"माझं जाईल."

"म्हंजे तुमी जिंकलासा तर माझं घरात, आमी जिंकलो तर तुझं."

"बरोबर."

अण्णानं बोटांवर हिशेब परत केला. हिशेब जमला.

"म्हंजे कुनाचं बी राज्य आलं तरी घरात एक र्‍हातंय."

"राहणारच," मी म्हणालो. "फक्त आपण दोघांनी कधी एकालाच मत द्यायचं नाही."

"छ्या!" अण्णा उसळला. "तुझ्या किटलीला म्या मत देनार व्हय? वरनं देव उतरला तरी न्हाई!"

"आणि शिडीला मी? मेलो तरी नाही!"

"मर की मग!"

"तू मर आधी, थोरला आहेस!"

आम्ही दोघंही चांगलेच तापलो होतो. मधलं मत उठलं, रांजणाकडं गेलं, पाणी प्यालं आणि परत येऊन आमच्या मध्ये बसलं.